टप्प्यांचे शोधन-आहार आणि वजनाची घट : एक तुलनात्मक विवेचन

स्थौल्य कमी करण्यासाठी सुचविल्या जाणाऱ्या आहारक्रमांत एक वर्ग असा आहे की, ज्याची रचना सोपानासारखी असते. प्रारंभी काही दिवस कडक निर्बंध, नंतर त्या निर्बंधांची क्रमाक्रमाने शिथिलता आणि अखेरीस नित्याच्या आहाराकडे परतणे, अशी ही योजना होय. यांपैकी काही आहारक्रम शरीरातील विषद्रव्ये बाहेर टाकण्याची ग्वाही देतात व 'डीटॉक्स' या नावाने ओळखले जातात. इतर आहारक्रम विषाचा उल्लेख न करता केवळ मेद घटविण्याचे आश्वासन देतात. तथापि पहिला टप्पा कठोर असावा आणि त्यातच शरीराला 'नवे वळण' लागावे, ही कल्पना दोहोंत समान आहे.

अशा आहारक्रमांची तुलना सामान्यतः एकाच मापाने केली जाते : किती दिवसांत किती किलो वजन उतरले? हे माप अपुरे तर आहेच, परंतु ते दिशाभूलही करते. कारण उतरलेल्या वजनात मेद किती, पाणी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही. आणि वर्षभरानंतर त्यातील किती टिकले, हे पहिल्या पंधरवड्यात कळत नाही. यास्तव प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र विचार करून, त्या टप्प्यात शरीरात प्रत्यक्ष काय घडते हे पाहणे, हाच तुलनेचा योग्य मार्ग होय.

१. विष कोणते व ते जाते कोठे?

'शोधन' या शब्दात शरीरात काहीतरी साचले आहे असे गृहीत धरलेले असते. परंतु शोधन-आहाराच्या पुरस्कर्त्यांनी ते द्रव्य कोणते, त्याचे प्रमाण कसे मोजावयाचे आणि आहारानंतर ते किती घटले, हे क्वचितच सांगितले आहे. शरीरात विषद्रव्यांची विल्हेवाट अखंड चालूच असते. यकृतातील विकरे अशा द्रव्यांचे प्रथम ऑक्सिडीकरण करतात व मग त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन यांची जोड देऊन ती जलविद्राव्य करतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील बहुतांश पुन्हा शोषला जातो. या कामासाठी लागणारी सिस्टीन, ग्लायसीन इत्यादी अमिनो आम्ले प्रथिनांतून मिळतात. म्हणजे ज्या आहारात प्रथिने जवळजवळ नाहीत, तो आहार यकृताला विश्रांती देतो असे म्हणण्यापेक्षा त्याचा कच्चा माल रोखतो असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

एका बाबतीत मात्र साचण्याची कल्पना खरी आहे. डीडीटी, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल यांसारखी दीर्घायुषी द्रव्ये मेदात विरघळून वर्षानुवर्षे राहतात. परंतु मेद वितळू लागला की ही द्रव्ये रक्तात उतरतात आणि वजन घटत असताना त्यांचे रक्तातील प्रमाण वाढते, असे आढळले आहे. शोधनाच्या नावाने जलद वजन घटविणे म्हणजे या द्रव्यांपुरते पाहता उत्सर्जन नव्हे, तर स्थलांतर होय. व्यापारी शोधन-आहारांविषयीच्या पुराव्याचा २०१५ मध्ये एक समीक्षात्मक आढावा प्रसिद्ध झाला. मनुष्यांवर यादृच्छिक व नियंत्रित पद्धतीने केलेला एकही प्रयोग या आहारांच्या बाजूने उपलब्ध नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

२. चार आराखडे

तुलनेसाठी परस्परांहून भिन्न असे चार आराखडे घेता येतील.

पहिला, स्टॅन्ली बरोज यांचा लिंबूपाण्याचा उपक्रम. १९४० च्या दशकात योजलेला व १९७६ च्या पुस्तकामुळे प्रसिद्धीस आलेला हा क्रम निव्वळ शोधनाचा नमुना होय. लिंबाचा रस, मेपलचा पाक, लाल मिरचीची चिमूट आणि पाणी यांचे दिवसाला ६ ते १२ पेले किमान दहा दिवस घ्यावयाचे. रात्री सारक काढा, सकाळी मिठाचे पाणी. बाहेर पडताना आधी संत्र्याचा रस, मग भाज्यांचे सार, मग फळे व कोशिंबिरी.

दुसरा, पिष्टमय पदार्थ व साखर वर्ज्य करणारा. रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पुस्तक १९७२ मध्ये, तर आर्थर ॲगॅटस्टन यांचे 'साउथ बीच' आहाराचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲटकिन्स यांच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत पहिले दोन आठवडे दिवसाला केवळ सुमारे २० ग्रॅम कर्बोदकांची मुभा असून नंतर हे प्रमाण आठवड्यागणिक ५ ग्रॅमनी वाढवावयाचे असते. साउथ बीच क्रमात पहिले १४ दिवस पाव, भात, बटाटा व फळेही वर्ज्य असतात.

तिसरा, पिएर द्युकाँ यांचा फ्रेंच आहार. २००० साली पुस्तकरूपाने आलेल्या या क्रमात चार टप्पे आहेत : 'हल्ला', म्हणजे काही दिवस केवळ प्रथिने व थोडा ओटचा कोंडा; नंतर एकाआड एक भाज्या; मग उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दहा दिवसांचे 'दृढीकरण'; आणि शेवटी जन्मभर आठवड्यातून एक दिवस प्रथिनांचा.

चौथा आराखडा रुग्णोपचारातील होय. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' या प्रयोगात मधुमेही व्यक्तींना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ उष्मांकांचा, प्रथिने व सूक्ष्म पोषकद्रव्ये यांचा समतोल राखलेला पर्यायी द्रव आहार देण्यात आला. त्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत नित्याचे अन्न टप्प्याटप्प्याने आणले गेले आणि पुढे दीर्घकाळ देखरेख ठेवण्यात आली. येथे विषाचा प्रश्नच नव्हता.

३. पहिल्या टप्प्याचे गणित

साउथ बीच क्रमाच्या पहिल्या दोन आठवड्यांत ८ ते १३ पौंड, म्हणजे सुमारे ३.६ ते ५.९ किलो वजन उतरेल, असे त्याचे आश्वासन होते. एक किलो मेदऊतीत साधारणतः ७,७०० उष्मांक साठलेले असतात. ५.९ किलो वजन सर्वस्वी मेदाचेच असेल, तर चौदा दिवसांत ४५,००० हून अधिक, म्हणजे दिवसाला सुमारे ३,२०० उष्मांकांची तूट पडली पाहिजे. सामान्य प्रौढ व्यक्तीचा दिवसाचा एकूण व्ययच २,००० ते २,८०० उष्मांकांच्या घरात असतो. म्हणजे तिने अन्नाचा कणही घेतला नाही, तरी हा हिशेब जुळत नाही. ३.६ किलोच्या खालच्या मर्यादेसाठीही रोज जवळजवळ २,००० उष्मांकांची तूट लागेल. आणि या टप्प्यात मनुष्य उपाशी तर नसतो. वजन खरोखरच तितके उतरले असेल, तर उरलेला भाग मेदाचा नव्हे, हे उघड आहे.

तो भाग मुख्यतः पाण्याचा असतो. यकृत व स्नायू यांत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके बंद होताच काही दिवसांत हा साठा रिता होऊ लागतो व त्याबरोबर दीड-दोन किलोपर्यंत वजन जाऊ शकते. रक्तातील इन्सुलीन उतरल्यामुळे मूत्रपिंडे अधिक सोडियम सोडतात. त्यानेही पाणी जाते. सारक द्रव्ये घेतल्यास आतड्यातील द्रवाचीही भर पडते. पुढे पहिले पोटभर जेवण झाले की ग्लायकोजेन भरते आणि पाणी परतते.

लिंबूपाण्याच्या उपक्रमासही हाच हिशेब लावता येतो. एका पेल्यातील पाकाचे सुमारे १०० उष्मांक धरले, तर दिवसाला ६०० ते १,२०० उष्मांक मिळतात. रोजचा व्यय २,२०० व ग्रहण ९०० मानल्यास दहा दिवसांची तूट १३,००० उष्मांकांची होते. तितक्याने जास्तीत जास्त १.७ किलो मेद जाईल. परंतु आहारात प्रथिने नसल्यामुळे तुटीचा काही भाग स्नायूंमधून भागविला जातो. एक किलो स्नायूऊतीत, पाण्याचा अंश मोठा असल्याने, दोन हजारांहूनही कमी उष्मांक असतात. म्हणून स्नायू जितके अधिक झिजतील तितका काटा वेगाने खाली येतो. वजन झपाट्याने उतरणे हे अशा वेळी यशाचे नव्हे, तर हानीचे चिन्ह असते. आणि काट्यावर दोहोंचे रूप एकच दिसते.

४. मधल्या टप्प्याचा पुरावा

लिंबूपाण्यात काही विशेष गुण आहे काय, या प्रश्नाचा एक नेमका प्रयोग कोरियात झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वजन वाढलेल्या ८४ स्त्रियांचे तीन गट होते. एका गटाने सात दिवस लिंबाचा शोधन-आहार घेतला, दुसऱ्याने तितक्याच उष्मांकांचे पर्यायी पेय घेतले व तिसऱ्याने नेहमीचा आहार ठेवला. पहिल्या दोन्ही गटांत संक्रमणाचे चार दिवस होते. दोन्ही गटांचे वजन व मेद तिसऱ्या गटापेक्षा अधिक घटले; परंतु त्यांच्या आपसात वजनाच्या दृष्टीने फरक पडला नाही. दाहाचा एक निर्देशांक मात्र केवळ लिंबाच्या गटात उतरला, हीही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. तरीही वजनापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे : घट उष्मांकांच्या तुटीने झाली, लिंबाने नव्हे.

कर्बोदके वर्ज्य करणाऱ्या क्रमांविषयीचा पुरावा अधिक विपुल आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ व्यक्तींच्या एका अमेरिकी प्रयोगात सहा महिन्यांनी ॲटकिन्स गटाचे वजन ७ टक्के, तर अल्पस्निग्ध आहाराच्या गटाचे ३.२ टक्के उतरले होते. वर्षाअखेरीस ते ४.४ व २.५ टक्के उरले आणि दोहोंतील फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण राहिला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगात ६०९ व्यक्ती होत्या, आणि त्याची रचनाच टप्प्यांची होती : पहिले आठ आठवडे स्निग्ध पदार्थ किंवा कर्बोदके दिवसाला २० ग्रॅमपर्यंत उतरवावयाची, आणि मग आयुष्यभर पाळता येईल अशा पातळीपर्यंत हळूहळू वाढवावयाची. वर्षाअखेरीस अल्पस्निग्ध गटाची सरासरी घट ५.३ किलो व अल्पकर्बोदक गटाची ६.० किलो होती. हा फरक अर्थपूर्ण नव्हता. उलट प्रत्येक गटाच्या आत तीस किलोंच्या घटीपासून दहा किलोंच्या वाढीपर्यंत विलक्षण तफावत होती. दोन आहारांतील अंतरापेक्षा एकाच आहारातील दोन माणसांमधील अंतर कितीतरी मोठे होते, हा या प्रयोगाचा खरा धडा होय.

५. शेवटचा टप्पा : परतीचा प्रश्न

जलद घट झालेले वजन जलद परत येते, असा सार्वत्रिक समज आहे. मेलबर्न येथील २०१४ च्या प्रयोगाने तो तपासला. २०४ स्थूल व्यक्तींपैकी काहींना १२ आठवड्यांचा जलद क्रम, तर काहींना ३६ आठवड्यांचा संथ क्रम देण्यात आला. १२.५ टक्के वजन उतरविण्याचे उद्दिष्ट जलद गटातील ८१ टक्क्यांनी व संथ गटातील ५० टक्क्यांनी गाठले. ते गाठणाऱ्यांवर पुढे १४४ आठवडे लक्ष ठेवले असता, दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आले होते. म्हणजे पहिल्या टप्प्याची गती हा निर्णायक घटक नव्हे. निर्णायक आहे तो त्यानंतरचा काळ.

याचे कारण केवळ मनोदौर्बल्यात शोधणे अन्यायाचे ठरेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार दिला होता. भूक वाढविणारे घ्रेलिन चढलेले व तृप्तीचे संकेत देणारे लेप्टिन उतरलेले, अशी स्थिती वर्षभरानंतरही कायम होती. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर केलेल्या अर्धोपोषणाच्या प्रयोगातही, पुनर्भरणाच्या काळात मेद स्नायूंच्या आधी व मूळ पातळीहूनही अधिक परतल्याचे दिसले. ते तरुण स्थूल नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष स्थूल व्यक्तींना जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु देह उपोषणाची भरपाई कोणत्या क्रमाने करतो, यावर त्याने प्रकाश पडतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही मराठी म्हण चेष्टेने वापरली जाते. तिच्यात दडलेले शरीरशास्त्र मात्र चेष्टेचे नाही.

या कसोटीवर चार आराखडे पाहिले असता त्यांचा भेद स्पष्ट होतो. लिंबूपाण्याच्या उपक्रमात परतीचा टप्पा आहे, पण तो मोजक्या दिवसांचा. त्यानंतर काय खावे याविषयी वजन राखण्याच्या दृष्टीने योजना नाही. ॲटकिन्स व साउथ बीच क्रमांत परतीचा मार्ग आखलेला आहे. परंतु वजन वाढले की पहिल्या टप्प्याकडे वळावे, अशी त्यांची शिकवण असल्यामुळे 'ये रे माझ्या मागल्या' असे चक्र सुरू होण्याचा संभव राहतो. द्युकाँ यांनी मात्र परतीला सर्वाधिक अवधी दिला आहे : दहा किलो उतरवणाऱ्यास शंभर दिवसांचे दृढीकरण. तत्त्व म्हणून ही गोष्ट उचित होय. परंतु २०१० मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने वजन घटविण्याचे पंधरा आहारक्रम तपासले, त्यांत याही क्रमातील पोषणाचा असमतोल दाखविला गेला. 'डायरेक्ट' प्रयोगात वर्षाअखेरीस सरासरी घट १० किलो, तर तुलनेच्या गटात १ किलो होती. ४६ टक्के व्यक्तींचा मधुमेह औषधांवाचून काबूत राहिला. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, आणि १५ किलो वा अधिक घट टिकविणाऱ्यांचे प्रमाण २४ वरून ११ टक्के झाले. सर्वोत्तम देखरेखीतही उतरण चालूच राहते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

६. संसर्जनक्रमाचा दाखला

परतीच्या टप्प्याचा सूक्ष्म विचार भारतीय परंपरेत फार पूर्वी झालेला आढळतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनानंतरचा संसर्जनक्रम वर्णिला आहे. आधी पेया, म्हणजे पातळ पेज; मग विलेपी, म्हणजे दाट पेज; मग मीठ-स्नेह न घातलेले व नंतर घातलेले मुगाचे कढण; शेवटी मांसरस. शोधन जितके तीव्र तितका हा क्रम लांब : उत्तम शुद्धीनंतर बारा अन्नकाळ, मध्यम शुद्धीनंतर आठ, अल्प शुद्धीनंतर चार. गवत व शेणी घालून लहान विस्तव हळूहळू मोठा करावा तसा जठराग्नी वाढवावा, असा दृष्टांत तेथे येतो. आजारातून उठलेल्यास आधी पेज, मग मऊ भात, मग वरण-भात देण्याची महाराष्ट्रातील घरगुती रीत याच विचारसरणीची होय.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवणे अवश्य आहे. एक, संसर्जनक्रम हा वजन घटविण्याचा उपाय नव्हे. तो शोधनातून सुखरूप बाहेर येण्याचा मार्ग आहे. आज 'आयुर्वेदिक डीटॉक्स' म्हणून जे विकले जाते, त्यात हा भेद पुष्कळदा पुसला जातो. दोन, स्थौल्याचा विचार चरकाने सूत्रस्थानात वेगळा केला असून तेथे 'गुरु' परंतु 'अतर्पण' आहार सांगितला आहे, म्हणजे पोटाला जड पण पोषणाला हलका. जव, मूग, कुळीथ यांचा निर्देश त्या संदर्भात येतो. तंतुमय व अल्प उष्मांकांचे अन्न पोट भरते, हे आधुनिक निरीक्षण याच्याशी जुळते. प्राचीन ग्रंथात आधुनिक सिद्धांत शोधण्याचा मोह टाळूनही असे म्हणता येईल की, निर्बंधाची तीव्रता व परतीची लांबी यांचे प्रमाण राखण्याचा हा विवेक अनेक अर्वाचीन पुस्तकांत नाही.

७. धोके

कठोर टप्प्यांचे धोके काल्पनिक नाहीत. १९७७-७८ च्या सुमारास अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या द्रव आहारावर राहिलेल्या व्यक्तींचे पन्नासांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी अनेकांत हृदयाच्या लयीतील बिघाड आढळला. जलद घटीत पित्तखडे होण्याचा संभव वाढतो. दीर्घ उपोषणानंतर एकदम पिष्टमय अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम कोसळून प्राणावर बेतू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपाशी बंदिवानांत हे दिसून आले होते. मिठाचे पाणी रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णास घातक ठरू शकते. केवळ प्रथिनांचा आहारही मूत्रपिंडाच्या रुग्णास वर्ज्य होय. इन्सुलीन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या मधुमेह्याने औषधाची मात्रा न बदलता असा आहार सुरू केल्यास रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरते. 'डायरेक्ट' प्रयोगात मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे आरंभीच थांबविली होती, ती वैद्यकीय देखरेखीत. हा भाग वगळून केवळ उष्मांकांचा आकडा उचलणे अनिष्ट होय.

८. समारोप

वरील विवेचनावरून टप्प्यांच्या आहारांची तुलना करताना चार प्रश्न विचारले जावेत असे दिसते. घटीचे श्रेय ज्या द्रव्याला वा तत्त्वाला दिले जाते, तितक्याच उष्मांकांच्या साध्या आहाराशी त्याची तुलना झाली आहे काय? पहिल्या टप्प्यातील घटीत मेदाचा वाटा गणिताने किती संभवतो? त्या काळात प्रथिनांची गरज भागते काय? आणि परतीच्या टप्प्यास निर्बंधाच्या प्रमाणात अवधी व देखरेख आहे काय? या कसोट्यांवर शोधनाचा दावा टिकत नाही. टप्प्यांची रचना मात्र सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही; योग्य पोषण, औषधांची फेरमांडणी आणि दीर्घ पाठपुरावा यांची जोड असेल, तर कठोर प्रारंभही उपकारक होऊ शकतो.

या प्रश्नाला नैतिक बाजूही आहे. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या पाण्याचे श्रेय आहारक्रम घेतो आणि वर्षाने परतलेल्या मेदाचा दोष मात्र ते पाळणाऱ्याच्या पदरी टाकला जातो. तो मनुष्य स्वतःला दुर्बल समजून पुन्हा पहिल्या टप्प्याकडे वळतो, आणि प्रत्येक फेरीत थोडे स्नायू गमावण्याचा धोका पत्करतो. आहारशास्त्राच्या अभ्यासकाने वजनकाट्यावरील आकड्याचे पृथक्करण करून दाखविले, तर हा दोष योग्य ठिकाणी जाईल. पुढील संशोधनाचा भर नवीन पहिला टप्पा शोधण्यावर नसून, ज्वारी-बाजरी, कडधान्ये व भाज्या यांवर आधारलेला, येथील घराघरांत पाळता येईल असा शेवटचा टप्पा घडविण्यावर असला पाहिजे.